घर खाताना

कौन्सिलची बाई फॉर्म घेऊन आली,
पायपुसण्यावर बूट तीनदा घासून.
बचत? पेन्शन? शेअर्स?
बाबा म्हणाले, शेअर असायचा की ट्रॉलरवर,
जाळ्यात कॉड आला तर.
तिनं शून्य लिहिलं.
मग मान वर करून छताकडे पाहिलं
आणि छत लिहिलं.

घर खायला उठतं म्हणतात.
आई गेली त्या हिवाळ्यात उठलंही होतं.
आता उलटं आहे,
आता बाबा घर खातात,
आठवड्याच्या आठवड्याला, कवळी लावून,
'सी व्ह्यू' नावाच्या होममध्ये,
जिथून समुद्र दिसत नाही,
कार्पेटच्या दुकानाचं पार्किंग दिसतं.

मी वहीत लिहून ठेवते. वेडेपणा आहे, कळतं मला.
जूनमध्ये परसातली शेड गेली,
रंगाच्या वाळलेल्या डब्यांसकट.
मग न्हाणीघर, जे एकाहत्तरमध्ये बांधलं,
ज्याचा नळ दाखवायला आईनं
हेसल रोडवरच्या अर्ध्या बायका बोलावल्या होत्या.
जिना तेरा पायऱ्यांचा.
नेव्हिल आणि मी उशीवर बसून घसरायचो त्यावरून.
पुरला जेमतेम तीन आठवडे.
ऑक्टोबरात बाबांच्या छातीत कफ झाला,
रात्रीची वेगळी नर्स लागली,
तिनं पुढची खोली संपवली, शेकोटीसकट.

नेव्हिल पर्थहून फोन करतो.
तिकडे सकाळ असते, मागे पक्षी ओरडत असतात.
विचारतो, स्वस्तातलं नाही का एखादं?
पाहिलं मी स्वस्तातलं.
एक म्हातारी खिडकीच्या काचेला आर्थर म्हणत होती.
हे त्याला सांगितलं नाही,
नुसतं म्हटलं, दूर पडतं.

खोटं कशाला बोलू,
माझाही डोळा होता त्या घरावर.
माझ्या पोटमाळ्यात पाणी ठिबकतं,
पोरीचं कर्ज आहे,
आणि एका रात्री बिलं लावत बसले असताना
भागाकार केला मी:
उरलेल्या खोल्या, भागिले आठवडे.
पैसे मोजायचे, दिवस मोजायचे,
क्रियापद एकच आहे
हे तेव्हा लक्षात आलं.
वही मिटली. दिवा तसाच राहिला रात्रभर.

टेंडाई त्यांची नखं कापते.
नाविकाची नखं, शिंपल्यासारखी, कातरीला दाद न देणारी.
आधी कोमट पाण्यात भिजवते.
मी विचारलं, तुझी आई?
मुटारेला. शेजारची मुलगी बघते.
मी पाठवते तिला, दर महिन्याला.
म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतली
एखादी वीट
तिकडे कुणाच्या तरी उशाशी
पाण्याचा पेला धरून बसली आहे.
बाकीच्या विटा कुठे जातात
ते 'सी व्ह्यू'च्या मालकाला माहीत.
त्याला मी कधी पाहिलेलं नाही.

काल जेवणात कस्टर्ड होतं.
बाबांनी मध्येच चमचा थांबवला,
इकडेतिकडे पाहिलं, माझ्या कानाशी आले,
ह्या हॉटेलचं बिल कोण भरतंय गं?
म्हटलं, घर भरतंय.
कुठलं घर?

सांगितलं मग. हिरव्या दाराचं.
बोटीचा उरलेला रंग तुम्ही रात्री आणलात,
कोटाखाली लपवून,
आणि सकाळी फोरमनच चहाला आला,
ओल्या दाराला टेकून उभा राहिला.
बाबा ऐकत होते,
एखाद्या शेजाऱ्याची गंमत ऐकावी तसे.
बरं होतं का ते घर?
बरं होतं.
ऊब होती का?
मागच्या खोलीत नव्हती. बाकी होती.

त्यांनी मान हलवली.
वाडगा हातानं माझ्याकडे सरकवला,
चमच्याचा दांडा माझ्या बाजूला करून.
मग घे ना तूही थोडं.

घेतलं.
गार झालं होतं, वर साय धरली होती.
वाडगा पुसून खाल्ला आम्ही दोघांनी.
कुठली खोली होती ती,
मी लिहिलं नाही.